पांजणीला उभे राहिलेले जज्जसाहेब

बायको गेली त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही रोजचंच काम करत होतो. मी ओट्यावर रहाटाशी बसून सुताच्या कांड्या भरत होतो आणि ती आत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणत होती. वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्यानं उलटं लिहिलं. उलटं नाही. आमच्या शहापूरच्या गल्लीत बाईनं रहाटावर कांड्या भरायच्या आणि गड्यानं मागावर बसायचं, अशी रीत. आमच्या घरात नऊ वर्षं त्याच्या उलट चाललं होतं. माझा उजवा गुडघा धरला, मागाची पावडी दाबता येईना, म्हणून ती खड्ड्यात उतरली आणि मी वर आलो.

धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं की ती आतून हाक मारायची आणि मी ओली कांडी उंबऱ्यावरून आत सरकवायचो. त्या दिवशी कांडी गेली तशी परत आली. माझ्या छातीवर आपटली.

"ही कुणी भरली?"

"मीच. दुसरं कोण हाय हितं?"

"ढिली हाय. नऊ वर्सं झाली, अजून तुमचा हात बसंना."

"तुझ्या आईनं शिकवलं असतं तर बसला असता."

"माझ्या आईनं तुमाला बघितलं आनि डोक्याला हात लावला, शिकवतीया कसली!"

आतून सून हसली. ती ढिली कांडी मी बंडीच्या खिशात टाकली आणि दुसरी दिली. तिनं आणखी वीतभर विणलं. मग वर आली, खांबाला टेकली आणि म्हणाली, छातीवर कोणी तरी बसल्यागत वाटतंय. सून पाणी घेऊन आली तोवर पाणी प्यायला कोणी उरलं नव्हतं.

सूर्य बुडायच्या आत आम्ही स्मशानातून परत आलो. दाराशी पाय धुवायला उभा होतो, तिथंच गल्लीचा कारभारी सगळ्यांच्या देखत बोलला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, सगळे त्याला अण्णा म्हणतात.

"दहा दिवस मागावर कापड टाक. सुतकात मागाला हात न्हाय लावायचा. आनि सुतक फिटलं की माग उतरव. ती व्हती तवर आमी चालवून घेतलं. सून खड्ड्यात उतरलेली चालायची न्हाय."

माझा मुलगा माझा गुडघा जायच्या आधीच तापाच्या साथीत गेला. घरात आता मी आणि सून. माझा गुडघा मेलेला. सून मागावर बसली नाही तर आमचा माग बंद, आणि बंद पडलेला माग या गल्लीत पुन्हा उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. अण्णाला हे ठाऊक होतं. म्हणून तर तिची राख गरम असताना बोलला.

मी पाय धुवून आत गेलो. पण डोक्यात जज्जसाहेब आले. का आले ते सांगतो. मी दुसरी शिकलेला माणूस, सांगण्यात मागंपुढं होईल. झालं तर होऊ दे.

जज्जसाहेब आमच्याच गल्लीतले. कोपऱ्यावरच्या घरातल्या विणकराचा पोरगा. आम्ही दोघं एका दिवशी शाळेत गेलो. मी दुसरीनंतर रहाटाशी येऊन बसलो, तो पुढं गेला. नाला ओलांडून बेळगावच्या इंग्रजी शाळेत, तिथनं पुण्याला. लहानपणी त्याची एकच कला गल्लीला माहीत होती. सुताचा गुंता कितीही झाला तरी तो न तोडता सोडवायचा. बायका आपापले गुंते घेऊन त्याच्या दारात यायच्या. पुढं वकील झाला तेव्हा गल्ली म्हणाली, काय वेगळं करतोय, तेच तर करतोय.

वकिलीतनं मुनसफ झाला. चिकोडीला होता, धारवाडला होता, आणखी कुठं कुठं होता. नंतर जज्ज होऊन बेळगावलाच आला तेव्हा आमची मंडळी म्हणाली, चला, भावजींचं कोर्ट बघू. आम्ही नाला ओलांडून गेलो. आमचं शहापूर संस्थानचं, नाल्यापलीकडं इंग्रजाचं राज्य. त्यामुळं कोर्टात शिरताना मला परमुलखात आल्यागत धडधडत होतं. तिला काही नाही. मागच्या बाकावर मांडी घालून बसली.

देवळातल्या पूजेचा मान कोणाचा, यावर दोन घरं भांडत होती. एक म्हातारा साक्षीला उभा होता. दर वाक्याला म्हणायचा, "हे आमच्याकडं पहिल्यापासनं चालत आलंया." साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"आजोबा, हे तुम्ही बघितलंय का ऐकलंय?"

म्हातारा गडबडला. "ऐकलंय की."

"मग ज्यानं बघितलंय त्याला आणा."

आमची मंडळी एवढ्यानं हसली की पट्टेवाला धावत आला. त्या दिवसापासनं ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. मी बाजारातनं काही बातमी आणली की चुलीपासनं आवाज यायचा, "बघितलंय का ऐकलंय?" जेवताना, भांडताना, जावा-जावांच्या चहाड्या ऐकताना, तेच. साहेब पुढं मुंबईला हायकोर्टाचे जज्ज झाले, तोवर आमच्या घरातले निकाल तिनं त्यांच्याच वाक्यानं लावले.

हायकोर्टात ते बरीच वर्षं होते. गल्ली त्यांच्या नावानं फुगून चालायची. साठी झाली आणि निवृत्त होऊन परत आले. सगळ्यांना वाटलं, बेळगावच्या कँपात बंगला घेतील. हे आले ते बापाच्या कोपऱ्यावरच्या घरात. मुलगा मुंबईत, बायको आधीच गेलेली. पहाटे उठायचे, आंघोळ करून कोट-पगडी चढवायचे आणि मग कुठं जायचं ते आठवायचं नाही. म्हणून आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. लोक भांडणं घेऊन यायचे. तुझी पन्हळ माझ्या भिंतीवर, माझी शेळी तुझ्या परसात. साहेब म्हणायचे, "मी निवृत्त झालो."

एक दिवस तिनं आतनं सुताचा मोठा गुंता आणून त्यांच्या मांडीवर टाकला.

"भावजी, तुमी निवृत्त झाला. हात बी झालं का?"

साहेबांनी कोटाच्या बाह्या सारल्या. दुपारपर्यंत गुंता सोडवला. एक धागा तुटला नाही. दुसऱ्या दिवशी कोट घालून आले नाहीत.

त्याच वर्षी माझा गुडघा गेला आणि ती मागावर बसली. पहिले आठ दिवस दार लावून. नवव्या दिवशी म्हणाली, "दार लावून मला घाम येतो. मी काय चोरी करतीया?" आणि दार उघडलं. गल्लीनं पाहिलं. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बैठक बसली.

आमच्याकडं दंड वगैरे करत नाहीत. त्याहून वाईट असतं. पांजणीला कोणी येत नाही. ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. मागावर चढवायच्या आधी ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत लांबच्या लांब ताणायचा, त्याला पिठाची खळ लावायची आणि कुंच्यांनी सारखं झाडत राहायचं, म्हणजे धागा धाग्याला चिकटत नाही. हे ऊन चढायच्या आत उरकायचं. आठ-दहा माणसं दोन्ही बाजूंनी लागतात. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. ज्याच्या पांजणीला गल्ली येत नाही त्याचा ताणा खळीत वाळून काठी होतो. त्या घराचा माग संपला.

बैठकीत अण्णा म्हणाला, "हायकोर्टाचा जज्ज आपल्यात बसलेला असताना आपन कशाला डोकं शिणवायचं? साहेबच सांगू देत."

बायका खांबामागं बसल्या होत्या. मी पुढं बसलो होतो. मला वाटलं, आता झालं आपलं काम. ह्या गड्यानं आमच्या ओट्यावर भाकरी खाल्ली आहे. साहेबांनी घसा साफ केला आणि कोर्टातल्या आवाजात बोलले.

"रूढी जुनी आहे, सर्वांना मान्य आहे. अशी रूढी एका घराच्या सोयीसाठी मोडता येत नाही. वहिनींनी मागावर बसू नये, असं माझं मत आहे."

खांबामागनं तिचा आवाज आला.

"भावजी, बघितलंय का ऐकलंय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उठून घरी गेले. आणि मी? मी मान खाली घालून कट्ट्याच्या फरशीवरच्या मुंग्या मोजल्या. घरी जाताना ती मला म्हणाली, "त्यांचं सोडा. ते न्याव द्यायला बसलं व्हतं. तुमची जीभ कुठं गेलती?"

मी लंगडत पुढं निघालो.

तिनं कट्ट्याचं ऐकलं असं समजू नका. तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं ताणा गल्लीत ताणला. खळ रांधली. ताण्याला लावली. आम्ही तीन माणसं, ती, मी लंगडा आणि सून. गल्लीची सगळी दारं बंद. बंद दारांच्या फटींतनं डोळे. ती एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाकडं धावत होती, मी एका पायावर उड्या मारत कुंचा फिरवत होतो आणि मधला ताणा वाळत चालला होता. उजाडलं. मला तर रडू यायला लागलं, खरं सांगतो.

तेवढ्यात कोपऱ्यावरचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. अंगात नुसती बंडी, डोकं उघडं, धोतर खोचलेलं. भिंतीला टेकवलेला कुंचा उचलला आणि ताण्याच्या पलीकडं उभे राहिले. दोन हात मारले तसे दोन धागे तुटले.

"भावजी," ती ओरडली, "हा खटला न्हाय, सूत हाय. हलक्या हातानं!"

"व्हय वहिनी," साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडात गल्लीचं 'व्हय' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग कुंचा फिरवता फिरवताच ते मोठ्यानं बोलायला लागले. बंद दारांना.

"ऐका रं सगळे! परवा कट्ट्यावर वहिनींनी मला इचारलं, बघितलंय का ऐकलंय. मी जबाब दिला न्हाय. आता देतो. मी बघितलंय. मी सात वर्सांचा असताना माझा बाप तीन म्हैनं अंथरुणावर व्हता. माझी आई दार लावून मागावर बसायची. मला ओट्यावर उभं करायची, कोन आलं तर खोकायचं म्हनून. तीन म्हैनं मी खोकलो. त्या लुगड्यांच्या जिवावर मी शाळंत गेलो. जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी घेतल्या आनि परवा माझ्याजवळ साक्ष असताना मी गप बसलो. मला लाज वाटली. माझा निकाल चुकला. तो मी फिरवतोय."

अण्णाचं दार उघडलं. तो उंबऱ्यातनंच म्हणाला, "साहेब, तुमच्या कोर्टाचा हुकूम नाल्याच्या अलीकडं चालत न्हाय."

"हुकूम कुठं देतोय अण्णा? हुकूम द्यायचं माझं बंद झालं. साक्ष देतोय. उलटतपासणी करायची असली तर हितं ये आनि येताना कुंचा घेऊन ये."

"मेलेल्या आईचं नाव कशाला मधी आनता?"

"केलं तिनं, मग नाव दुसऱ्या कुणाचं घेऊ?"

अण्णानं दार लावून घेतलं. पण समोरच्या घरातली म्हातारी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणत असू, ती बाहेर आली. पदर खोचून म्हणाली, "आमच्यात बी दार लावून बाईच मागावर बसतीया. कुनाला सांगताय!" आणि ताण्याला लागली. तिच्यामागनं तिचा मुलगा आला, लाजत. मग आणखी दोन दारं उघडली, मग आणखी एक. सगळी गल्ली आली नाही. यायला कशाला पाहिजे? पांजणीपुरती माणसं झाली. ताण्याचा मधला हातभर भाग खराब झाला, बाकीचा वाचला. त्याच ताण्यावर तिनं दार उघडं टाकून पहिलं लुगडं विणलं.

साहेब त्यानंतर रोज माझ्या शेजारी दुसरा रहाट घेऊन बसायचे. हायकोर्टाचा जज्ज आणि मी, दोघं बायकांचं काम करतोय म्हणून पोरीबाळी हसायच्या. त्यांच्या कांड्या घट्ट असायच्या. ती मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणायची, "भावजींची द्या, भावजींची." मुंबईहून मुलाचं पत्र आलं, बाबा, लोक काय म्हणतील. साहेबांनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि त्याच कागदाची घडी करून रहाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली.

गेल्याच्या आधल्या पावसाळ्यात साहेब गेले. बेळगावच्या वकील मंडळींनी त्यांच्यावर एक छोटं पुस्तक काढलं. एक चष्मेवाला वकील माझ्याकडं आला होता, बालमित्र म्हणून आठवण सांगा म्हणाला. मी पांजणीची सगळी हकिकत सांगितली. त्यानं लिहून घेतली, दोन कप चहा प्याला, गेला. पुस्तक आलं तेव्हा सुनेला वाचायला लावलं. कुठं मुनसफ होते, कुठं बदली झाली, कुठला निकाल गाजला, सगळं होतं. शेवटी एक ओळ. निवृत्तीनंतर ते जन्मगावी शांतपणे राहिले.

शांतपणे! ती चुलीपाशी होती. म्हणाली, "ह्यांनी ऐकलंय बी न्हाय आनि बघितलंय बी न्हाय." मग मला म्हणाली, "तुमी लिवा." मी म्हणालो, मला कुठं लिहिता येतंय. "दुसरी शिकलाय न्हवं? दुसरीपुरतं लिवा." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज लिहितोय ते त्यासाठी. त्या माणसाची उमर खुर्चीवर गेली, पण मोठं काम त्यानं निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत नुसत्या बंडीवर उभं राहून केलं. ते पुस्तकात घालायची कोणाची छाती झाली नाही, तर इथं राहू दे.

आता ती गेली त्या संध्याकाळचं. अण्णा बोलून गेला. बायका सुनेला धरून बसल्या होत्या. कोणी तरी मागावर पांढरं कापड टाकलं. मी भिंतीला टेकून बसलो. साहेब नव्हते, ती नव्हती. माझ्यासाठी बोलायला आता कोणी उरलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी कट्ट्यावर मी मुंग्या मोजत बसलो ते मला राहून राहून दिसत होतं. दहा दिवस गप्प बसायचं म्हणजे पुन्हा मुंग्याच मोजायच्या. अकराव्या दिवशी बोलेन म्हटलं तर तोवर ते माग उतरवायला चार माणसं घेऊन दारात उभे राहतील.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी उठलो. तोंड धुतलं. मागावरचं कापड काढून घडी घातली. सून चुलीपाशी सुजलेल्या डोळ्यांनी बसली होती. तिला म्हणालो, "ऊठ. खड्ड्यात उतर."

"मामंजी, आज?"

"आजच. आर्धं लुगडं राहिलंय तिचं."

"लोक..."

"लोकांकडं मी बघतो."

रहाट ओट्यावर ओढला. दार सताड उघडं ठेवलं. खिशातनं कालची ढिली कांडी काढली. वाळली होती. तिच्यावरचं सूत उकलून पाण्यात भिजवलं आणि पुन्हा भरायला बसलो. अण्णा येणार हे माहीत होतं. आला.

"तुला सुतक बी कळंना? रीत हाय ही. पयल्यापासनं चालत आलीया. बायकू जाऊन एकच रात झाली आनि रहाट फिरवतोयस. ह्या असल्या वागन्यानं घर बुडतंय."

गल्ली जमली होती. मी रहाट थांबवला नाही.

"अण्णा, सुतकात माग चालवल्यानं घर बुडालेलं तू बघितलंयस का ऐकलंयस?"

अण्णानं जमलेल्या गल्लीकडं बघितलं.

"मी सांगतो मी काय बघितलंय. माग बंद ठेवल्यानं बुडालेली घरं. तुझ्या शेजारचं एक, देवळामागचं एक. बघितलंय मी. कट्ट्यावर परत बैठक लाव. ह्या वेळंला मी बोलनार हाय. आनि पुढच्या पांजणीला तू न्हाय आलास तरी आक्काच्या घरची येतील. आता जा, माझी कांडी ढिली व्हतीया."

समोरच्या उंबऱ्यात आक्का उभी होती. तोंडाला पदर लावून ती रडत होती का हसत होती, मला ठाऊक नाही. अण्णा पाच-दहा पावलं गेला, वळून बघितलं आणि गेला.

मी धागा बोटांत दाबून धरला, नऊ वर्षांत कधी धरला नव्हता तसा. बोट कापलं. कांडी भरली, नखानं दाबून पाहिली. दगडासारखी लागली. उंबऱ्यावरून आत सरकवली.

सुनेनं ती धोट्यात घातली. मी कान देऊन बसलो. कांडी परत आली नाही. आतनं मागाच्या फणीचा पहिला ठोका पडला, मग दुसरा. मी पुढची भरायला घेतली.